मागची शिल्लक कुठे आहे?

बसा सगळे. मोबाईल खिशात. तुमच्या सेवा मंडळाचा वर्षाचा हिशेब मी वाचला. जमा आहे, खर्च आहे. मागची शिल्लक कुठे गेली याचा पत्ता नाही. ३१ मार्चला वर्ष संपतं आणि तुम्ही आषाढात आठवेल तशी रोजकीर्द लिहीत बसलात? वर्षभराच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच बैठकीत उतरवलेल्या मला ओळखू येत नाहीत, असं वाटलं का? पेपर तपासण्यात हयात गेलीय माझी.

हे ‘किरकोळ खर्चा’चं पान पाहा. पाणपोईच्या रांजणाची पावती आहे, टँकरची नाही. मंडपवाल्याची रक्कम खाडाखोड करून वाढवलीय, शेजारी सही कुणाचीच नाही. ही वही घेऊन ऑडिटला जाणार होतात?

आणि राखीव निधी! दोन टक्के व्याज जास्त मिळतं म्हणून मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवायचा ठराव केलात. २०२३ पासून याच बीड जिल्ह्यात बंद शटरपुढे मुदतठेवीच्या पावत्या घेऊन रडणारी माणसं दिसली नाहीत? बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. तुमचं मंडळ धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं आहे. अशा संस्थेचा पैसा कुठे ठेवायचा हे १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम ३५ मध्ये स्पष्ट लिहिलंय. त्याबाहेर जायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. घेतली? कायदा उघडून तरी पाहिला?

वर्गणी कुणाची आहे, याची लाज बाळगा. तुमच्यातल्या, तेलगावात साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या मोजणाऱ्यांनी तरी बाळगावी. डोंगरपट्ट्यातली बाई दिवाळीनंतर कोयता घेऊन फडावर जाते, उचल फेडता फेडता चैत्र उजाडतो, तरी पावतीपुस्तक पुढे केलंत की शंभराची नोट देते. का? माजलगाव धरण तळाला गेलं की तिच्या वस्तीवर टँकर तुम्ही आणाल म्हणून. शिल्लक त्या उन्हाळ्यासाठी राखायची असते. बहात्तरचा दुष्काळ भोगलेल्या आज्या अजून तुमच्या घरात आहेत, त्यांना विचारा.

पतसंस्थेचा तो ठराव आधी रद्द करा. रविवारी सकाळी पासबुक, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती आणि ही वही घेऊन शाळेत या. एकट्या कोषाध्यक्षाला पुढे करू नका, सह्या सगळ्यांच्या आहेत. टँकरवाल्यालाही बोलवा, त्याच्या तोंडून आकडा ऐकायचाय मला.