सक्ती हल्ल्याची, खर्च कुणाचा?

रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने १९९३ साली आणलेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळात 'जगरनॉट' हे कार्ड पहिल्या संचापासून आहे. चार मॅनात, म्हणजे खेळातल्या चलनात, पाच-तीनचं (मारा पाच, टिकाव तीन) दणकट क्रीचर, म्हणजे लढणारं कार्ड, मिळतं, पण अट अशी की शक्य असेल तर त्याने दर लढाईत हल्ला करायलाच हवा. १९९७ मधलं 'प्रोपगंडा' हे कार्ड बचाव करणाऱ्याच्या कामाचं. ते ज्याच्यापुढे असेल त्याच्यावर चाल करून जायचं, तर प्रत्येक क्रीचरमागे दोन मॅना भरावे लागतात. ही दोन कार्डं समोरासमोर आली की काय व्हावं, यावरून आयुष्यभर कायदा शिकवलेली मावशी आणि हा खेळ मनापासून खेळणारा तिचा भाचा यांच्यात वाद झाला.

मावशी : जगरनॉट माझा, एकेक मॅना देणाऱ्या आठ लँड मोकळ्या. समोर तुझा प्रोपगंडा, आणि सहा-सहाचं क्रीचर ब्लॉक करायला टपून बसलेलं. हल्ला केला तर जगरनॉट मरणार. नाही केला तर चालेल?

भाचा : चालेल. नियमपुस्तकातल्या कलम ५०८ मध्ये लिहिलंय. हल्ल्यासाठी काही भरावं लागत असेल, तर ते भरण्याची सक्ती नाही.

मावशी : हे मला पटत नाही. लागतात दोन मॅना, आहेत आठ. मग अशक्य काय आहे त्यात? आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ५६ घे. अशक्य होऊन बसलेली गोष्ट करायला कायदा लावत नाही. पण करार पाळणं नुसतं महागात पडू लागलं म्हणून सुटका मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. तुमचा खेळ नेमकं उलटं सांगतोय.

भाचा : करारात माणसाने आपणहून शब्द दिलेला असतो.

मावशी : इथे नाही दिला? एवढं मोठं क्रीचर चार मॅनात पदरात पडलं ते त्या अटीमुळेच ना. फायदा घेतला, आता अट पाळायला नको?

भाचा : पाळतोच की. वाट मोकळी असेल तर समोर कितीही मोठं क्रीचर असो, जगरनॉट जाणार म्हणजे जाणार. पण त्याने जावं, एवढंच ठरलं होतं. मी पदरचे मॅना घालून त्याला पाठवीन, असं त्या कार्डावर कुठे छापलंय? ती किंमत समोरच्याने नंतर लावली. आणि तुझा नियम धरला तर तो कुठवर जाईल बघ. २०११ च्या 'नॉर्न्स ॲनेक्स' मध्ये हल्ल्यासाठी लागणाऱ्या पांढऱ्या मॅनाऐवजी दोन लाइफ देऊन भागवता येतं. माझी दोनच उरलीत. देणं शक्य आहे, म्हणून देऊ? शून्यावर आलो की हरलो.

मावशी : तेवढा अपवाद करा.

भाचा : मग 'फायरेक्शियन ऑल्टर'चं काय? एका क्रीचरचा बळी दिला की एक मॅना मिळतो. दोन क्रीचर मारून तिसरं हल्ल्याला पाठवू? आणि 'एल्विश स्पिरिट गाइड' तर हातातच असतं. हातातून खेळाबाहेर काढलं की हिरवा मॅना मिळतो. मला भरणं शक्य आहे की नाही हे ठरवायचं, तर समोरच्याला माझ्या हातातली कार्डं बघावी लागतील.

मावशी : म्हणजे दर लढाईआधी झडती.

भाचा : झडतीच. आजच्या नियमात आठ लँडवाला आणि एकही लँड नसलेला, दोघांना सारखीच मोकळीक आहे. कुणाच्या खिशात डोकावावं लागत नाही.

मावशी : हे मानलं. सक्ती क्रीचरवर आहे, ती मालकाच्या तिजोरीपर्यंत जायला नको. पण एक गंमत आहे बघ. सहा-सहावाल्याला जगरनॉट यायलाच हवा होता. जगरनॉटला सोडवलं कुणी? त्याच्याच प्रोपगंडाने.

भाचा : हो, टोलनाका बसला की हुकूम ढिला पडतो. 'पॅसिफिझम'सारखी सरळ बंदी असती तर गोष्ट वेगळी. तिथे कितीही मॅना असले तरी हल्ला नाहीच. इथे जायचं की नाही, हे मालकाच्या मर्जीवर येतं.

मावशी : आणि चौघांचा डाव असेल तर?

भाचा : तिथे २०१६ पासून डिवचण्याची कार्डं आली. डिवचलेल्या क्रीचरने हल्ला करायचाच, आणि जमत असेल तर डिवचणाऱ्याला सोडून दुसऱ्या कुणावर.

मावशी : धर, पहिल्याने माझं क्रीचर डिवचलं. दुसऱ्यापुढे प्रोपगंडा आहे. तिसऱ्यापुढे काहीच नाही.

भाचा : दुसऱ्यावर जायला मॅना पडतात, त्यामुळे ती सक्ती नाही. तिसऱ्याची वाट मोकळी आहे. मॅना भरायचे नसतील तर तिसऱ्यावर जावंच लागेल. तो तिसरा डावात नसता, तर पहिल्याचं डिवचणं त्याच्याच अंगावर आलं असतं.

मावशी : पण तो आहे. त्याने कुणाला डिवचलं नाही, कुणाची वाट अडवली नाही, आणि मार त्यालाच.

भाचा : त्यानेही बचावाचं कार्ड ठेवायला हवं होतं. 'घोस्टली प्रिझन' हेच काम करतं.

मावशी : ठेवलंही असेल, हातात आलं नसेल. मला त्याचं म्हणणं ऐकायचंय. तुझा नियम माझा खिसा राखतो आणि ते योग्यच आहे, मी मघाशी मान्य केलं. पण त्याच्याशी कुणी बोललंच नाही. मला सांग, मी दोन मॅना भरून दुसऱ्यावर गेले तर चालतं?

भाचा : चालतं. हल्ला झाला आणि तो डिवचणाऱ्यावर झाला नाही. दोन्ही अटी पुऱ्या. पंच हरकत घेणार नाही.

मावशी : मग आठ लँड मोकळ्या ठेवून मी तिसऱ्याला मारलं, तर नियमाने भाग पाडलं असं मला सांगता येणार नाही. तो निर्णय माझा असेल.