हरल्यानंतरचे भाऊसाहेब

नाशिक जिल्ह्यात ‘भाऊसाहेब’ म्हटलं की मालेगावचे हिरे डोळ्यांसमोर येतात. कूळकायद्याशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. गोव्यात भाऊसाहेब म्हणजे दयानंद बांदोडकर. आज सकाळपासून मनात आहेत ते हे दुसरे.

12 मार्च 1911 चा जन्म, पेडण्याचा. तेरेखोल नदीपलीकडे सावंतवाडीचा मुलूख आणि अलीकडे पोर्तुगीजांची सत्ता. अशा सीमेवरच्या तालुक्यातला, बहुजन समाजातला हा माणूस खाणमालक झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवं होतं. गोव्याचे डोंगर फोडून काढलेला तो माल बार्जमधून मांडवी-जुवारीच्या पात्रातून मुरगाव बंदराला जाऊ लागला आणि काही घराण्यांकडे बघता बघता संपत्ती आली. बांदोडकरांच्या संपत्तीबरोबर त्यांच्या दातृत्वाचीही ख्याती पसरली. मुक्त गोव्यात लोक त्यांच्यामागे उभे राहिले त्याची मुळं इथे आहेत, असं मला वाटतं.

साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट 19 डिसेंबर 1961 ला संपली. दोनच वर्षांनी, 1963 मध्ये, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने पहिल्याच निवडणुकीत सत्ता मिळवली आणि भाऊसाहेब गोवा, दमण, दीव या केंद्रशासित प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी मडगावला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते आपल्या नाशिकचे तात्यासाहेब शिरवाडकर. गोवा आता महाराष्ट्रात येणार, अशी आशा त्या काळात कितीतरी मराठी मनांत होती.

ती फळाला आली नाही. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावं की वेगळं राहावं, यावर 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊसाहेबांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. विलीनीकरणासाठी ‘फूल’, वेगळेपणासाठी ‘दोन पानं’. फुलाला 1,38,170 मतं पडली, दोन पानांना 1,72,191. ज्या मागणीवर पक्ष उभा राहिला तीच मागणी लोकांनी 34,021 मतांनी नाकारली.

आणि मार्चमध्ये त्याच लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं.

मला या दोन-अडीच महिन्यांचं फार मोल वाटतं. मागणी नको, माणूस हवा, असं मतदारांनी इतक्या स्पष्टपणे सांगितल्याची उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत. भाऊसाहेबांनीही तो कौल मानला आणि वेगळ्या राहिलेल्या गोव्याचाच कारभार हाती घेतला. आपण महाराष्ट्रातले लोक अजूनही त्या निकालाबद्दल हळहळतो. सुट्टीत गोव्याला गेल्यावर मिरामारला त्यांच्या समाधीसमोरून जाताना तर हटकून. पण गोव्यातल्या कष्टकऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं ते वेगळ्या नजरेने. भाटकाराच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला 1964 च्या कायद्याने संरक्षण मिळालं होतं. खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या आणि ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाटी आली नव्हती तिथली मुलं मराठीतून लिहू-वाचू लागली. विलीनीकरण हुकलं, तरी ही मुलं शिकतच राहिली.

त्यांच्या राजकारणातलं एक मात्र मला खटकतं. सगळा पक्ष एका माणसाभोवती फिरत राहिला. 12 ऑगस्ट 1973 ला, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, ते गेले आणि धुरा आली त्यांच्या कन्येकडे, शशिकलाताई काकोडकरांकडे. तरीही हे सांगायलाच हवं की वडिलांनी ज्या कुळांना संरक्षण दिलं, त्यांना जमिनीची मालकी देणारी 1976 ची दुरुस्ती ताईंच्याच सरकारने केली.