भिंत मोजताना

रंगाच्या दुकानात जायची घाई आज नको. शेडकार्डही मिटून ठेवा. ज्या खोलीला रंग द्यायचा आहे तिच्या मधोमध खुर्ची मांडा आणि बसा. दोन-चार श्वास सावकाश होऊ द्या. किती लिटर लागेल हा प्रश्न मनात राहू द्या, उत्तर मात्र इतक्यात शोधू नका.

आता समोरच्या भिंतीकडे पाहा. डाव्या कोपऱ्यातून नजर निघू द्या, जमिनीलगत सरकत चारही भिंतींवरून फिरवा आणि परत तिथेच आणा. हा फेरा म्हणजे हिशेबातला पहिला आकडा. खोली १० बाय १२ फुटांची असेल तर फेरा ४४ फुटांचा. आता त्याच कोपऱ्यातून नजर वर जाऊ द्या, छतापर्यंत. १० फूट. ४४ गुणिले १०, म्हणजे ४४० चौरस फूट भिंत तुमच्याभोवती उभी आहे. पायाखालची जमीन मात्र १२० चौरस फूटच.

इथे जरा रेंगाळा. पुष्कळ कंत्राटदार कार्पेट एरियाला साडेतीनने गुणून छतासकट रंगकामाचं क्षेत्र सांगून मोकळे होतात. १५ बाय २० फुटांच्या ऐसपैस हॉलला हे जवळपास जुळतं: ७०० भिंतींचे, ३०० छताचे, एकूण १०००, जमिनीच्या सव्वातीनपटीहून थोडं जास्त. तुमच्या खोलीत मात्र ४४० अधिक १२० म्हणजे ५६०, जमिनीच्या साडेचारपटीहूनही जास्त. खोली जितकी लहान तितकी जमिनीच्या मानाने भिंत अधिक. सरसकट गुणाकार लहान घरांनाच नेमका कमी पडतो, म्हणून टेप स्वतः धरलेली बरी.

आता दाराकडे वळा. ३ बाय ७, म्हणजे २१. खिडकी ४ बाय ४, म्हणजे १६. वजा करा, उरले ४०३. कपाटामागची भिंत मोजायची की नाही? मनात येतंच, तिथे कोण बघतंय. माझं मत स्पष्ट आहे: मोजा. कपाट कधीतरी हलतं.

आता उठा. भिंतीजवळ जा, डोळे मिटा आणि तळहात तिच्यावर टेकवा. हळूच घासा. हाताला पांढरी भुकटी लागली? मग खाली जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे. तो खरवडून, पॉलिश पेपरने घासून, प्रायमर मारल्याशिवाय नवा रंग धरणार नाही. हात खिडकीखाली न्या, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर न्या. गार, दमट लागतंय? पोपडे सुटलेत? पाऊस नुकताच संपला असेल तर भिंत आणखी सुकू द्या. ओल बाहेरून किंवा नळातून येत असेल तर आधी गळती शोधा, कारण ओलीवर कितीही लिटर रंग ओता, तो फुगून येणार. मग फडकं ओलं करून भिंतीवर एकदा फिरवा आणि नुसतं बघत राहा. ओला पट्टा काही क्षणांत नाहीसा झाला तर भिंत तहानलेली आहे, ती रंगही तसाच पिणार.

हे सगळं कळल्यावरच लिटरकडे या. चांगल्या, प्रायमर मारलेल्या सपाट भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हातांत साधारण १२० ते १४० चौरस फूट जातं. ४०३ चौरस फुटांना तीन ते साडेतीन लिटर. डब्यावर छापलेला आकडाही अशाच गुळगुळीत भिंतीचा असतो. खडबडीत किंवा तहानलेल्या भिंतीला तेच लिटर १०० फुटांवर संपू शकतं आणि चार लिटरचा डबा तळाशी येतो. गडद निळ्यावर फिकट पिवळा चढवायचा असेल तर तिसरा हात धरा, म्हणजे आकडा पाच लिटरच्या आसपास जातो. छताचा पांढरा रंग वेगळा, त्याला एक लिटर.

डबे साधारण १, ४, १० आणि २० लिटरचे मिळतात. साडेतीन लिटर हिशेब निघाला तर सरळ चारचा डबा घ्या, एक-एक लिटरचे तीन घेऊन चौथ्याची वाट पाहू नका. मशिनवर शेड मिसळून दिलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही, हे खरं. पण कमी पडून आठवड्याने आणलेल्या डब्याची छटा किंचित वेगळी निघू शकते आणि तो फरक नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो. एकाच शेडचे दोन डबे असतील तर काम सुरू करण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या.

पुन्हा खुर्चीवर बसा. कागदावर लांबी, रुंदी, उंची, वजा केलेलं दार-खिडकी, हात किती आणि लिटर किती हे ओळीने लिहा. घाई वाटली तर फेरा पुन्हा एकदा नजरेने पूर्ण करा. रंगारी येईल तेव्हा हाच कागद त्याच्यापुढे ठेवा आणि त्याचा आकडा वेगळा असेल तर का, ते विचारा. त्याला भिंतीत काही दिसलं असेल जे तुम्हाला दिसलं नाही. काम झाल्यावर उरलेल्या डब्याचं झाकण घट्ट लावा आणि त्यावर शेड नंबर, खोली आणि तारीख मार्करने लिहून ठेवा.