दया की अवमान?

गरीब घरच्या मुलाकडून थोडीच अपेक्षा करावी, त्यातच दया आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. हा समज वरवर मोठा सात्त्विक दिसतो. परंतु त्याच्या पोटी एक सूक्ष्म अवमान दडलेला असतो, हे अध्यापनाची पुष्कळ वर्षे सरल्यावर मला उमगले.

माझ्या वर्गात धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंचा मुलगा होता. ‘काठावर उत्तीर्ण झाला तरी पुष्कळ,’ असे मनाशी म्हणून मी त्याला नेहमी सोपी गणिते घालीत असे. एके दिवशी त्याने विचारले, “गुरुजी, अवघड गणिते मला का घालीत नाही?” मी निरुत्तर झालो. त्याची बुद्धी मी कधी पारखलीच नव्हती. ती त्याच्या फाटक्या सदऱ्यावरून ठरवली होती.

अशा ग्रहाचा मुलांवर परिणाम होतो काय? उत्तर प्रदेशातील खेड्यांत कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीतील ३२१ उच्चवर्णीय आणि ३२१ दलित मुलांना कागदावरील भुलभुलैयातून वाट काढण्याची कोडी देण्यात आली. जातीचा उल्लेख नव्हता, तेव्हा दोहोंच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. सर्वांदेखत जात पुकारली गेली, तेव्हा मात्र दलित मुले मागे पडली. जग आपल्याला काय समजते, याची नुसती आठवणही मुलाचे बळ हरण करते.

कोणी म्हणेल, मोठ्या अपेक्षेच्या भाराने मूल खचेल. साहाय्यावाचून अपेक्षा लादली तर खचेलच. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. ज्या मुलाला शाळेत वेगळे, गोणपाटावर बसावे लागले होते, त्याच्याविषयी महाराजांनी मोठी अपेक्षा धरली आणि तिला साधनांची जोडही दिली.

मी त्या मुलास अवघड गणिते घालू लागलो. पहिली कित्येक चुकली. शाळा सुटल्यावर अर्धा तास मी त्याच्यापाशी बसू लागलो. वर्षअखेर तो पहिला आला नाही. परंतु गणित अडले की “पुन्हा करून पाहतो” म्हणू लागला.

वाचकहो, आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईंच्या मुलाला आपण जुनी पुस्तके देतो, हे चांगलेच. ती देताना “पुढे काय शिकणार?” असे त्याला विचारतो काय?