वाण कोणाचा?

आमच्याकडे गुरांची वंशावळ कुणी वहीत लिहीत नाही, ती तोंडावर असते. नाटे गावातल्या आमच्या गोठ्यात आज जी बांडी गाय आहे, तिची आई कपिली, कपिलीची आई थोरली बांडी, आणि त्या थोरल्या बांडीच्या आईला आजोबांनी सड्यापलीकडच्या वाडीतून दावं धरून पायी आणलेलं. ही यादी माझ्या आईला पाढ्यासारखी पाठ आहे. कुठल्या पिढीला कपाळावर चांद होता, कुठली मारकी होती, कुणाचा पाडा जोताला चांगला निघाला, सगळं ती सांगते.

ही आमची गावठी गुरं. अंगानं लहान, खुरांनी टणक, दूध बेताचं. पण कोकणातला चार महिन्यांचा पाऊस अंगावर घेऊन कातळावर चरणार, आणि पेंढ्यावर उन्हाळा काढणार. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने यांचा अभ्यास केला, आणि पुढे ‘कोकण कपिला’ या नावाने देशाच्या गोवंशांच्या यादीत त्यांची नोंद झाली. आजोबांना हे कळलं असतं तर हसले असते. त्यांच्या लेखी गाय एकतर आपली, नाहीतर शेजाऱ्याची.

आजोबांचं नाव मात्र गायीमुळे झालं नाही, बैलांमुळे झालं. आमच्या जिल्ह्यात पावसाळ्यात चिखलनांगरणीच्या स्पर्धा होतात. गुडघाभर चिखलात जोडी नांगरासकट धावते आणि वेळ सेकंदांत मोजली जाते. गावठी बैलांचा गट वेगळा, घाटावरून आणलेल्या बैलांचा वेगळा. थोरल्या बांडीच्या पोटच्या दोन पाड्यांनी आजोबांना ढाली मिळवून दिल्या. त्या अजून माजघरात आहेत. वाडीत आमची ओळख ‘बांड्या बैलांवाले’ अशीच पडली.

आता पॉवर टिलर आला. दळे त्यानेच नांगरले जातात, बैलांना काम उरलं नाही. माझ्या पुतण्याचं म्हणणं असं, की गाई काढून टाकूया आणि घाटावरून खिलार जोडी आणूया. पैसे लाखांत जातील, पण घराण्याचं नाव राहील. आई एवढंच म्हणाली, “जोडी इकत गावंल रे बाबा. दावण कुठं गावंल?”

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतोय. घराण्याचं नाव म्हणजे नेमकं काय? ढाल, जोडी, की वर्षानुवर्षं एकाच दावणीला बांधलेली गुरं?

जगात दुसरीकडेही हा प्रश्न पडलेला आहे. अमेरिकेत अ‍ॅपलुसा नावाचा ठिपक्यांचा घोडा आहे, अंगावर आमच्या बांडीसारखेच डाग. नेझ पर्स या मूळच्या लोकांनी हे घोडे निगुतीनं वाढवले. 1877 साली अमेरिकन सैन्याने त्यांचा पाठलाग केला. बायकापोरं आणि घोडे घेऊन ते कॅनडाच्या दिशेने निघाले आणि सरहद्द थोडक्यावर राहिली असताना त्यांना शरण जावं लागलं. घोडे हातचे गेले. पुढे 1938 मध्ये दुसऱ्याच लोकांनी या घोड्यांचा क्लब काढला, वंशावळीचं दप्तर सुरू केलं, प्रदर्शनं भरवली. त्यांनी घोडा वाचवला हे खरंच आहे. पण ज्यांनी तो घडवला ते त्या दप्तरात कुठे होते? 1990 नंतरच्या दशकात नेझ पर्स लोकांनी पुन्हा घोड्यांची पैदास हाती घेतली. अ‍ॅपलुसाला मध्य आशियातल्या घोड्यांशी जुळवून त्यांनी आपला वेगळा घोडा उभा केला. जुन्या नावावर भांडत बसण्यापेक्षा त्यांनी पुन्हा घोडे पाळले, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आपल्याकडे 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. 16 डिसेंबर 2021 ला महाराष्ट्रात त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या, आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. काठी नको, चाबूक नको, विजेचा धक्का नको. या अटी योग्यच आहेत. त्या सात वर्षांत आपण सगळेच एक गोष्ट सांगत होतो, की शर्यत बंद झाली तर देशी वाण संपेल. मीही हे तावातावाने सांगितलं आहे, आणि त्यात तथ्य आहे. ज्याला मान नाही ते जनावर कोण पोसणार?

पण हे अर्धंच सांगणं झालं. मैदानात दोन बैल उतरतात. त्यांच्यामागे गोठ्यात त्यांची आई असते, जोताला न निघालेला पाडा असतो, दात गेलेला बैल असतो. वाण या सगळ्यांचा मिळून होतो. कायदा जनावराला स्पर्धेच्या दिवशी तपासतो. बाकीचे दिवस तपासायला घरच्यांखेरीज कुणी नसतं.

2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाचं गिऱ्हाईक संपलं. कुणी त्याला मरेपर्यंत सांभाळलं, कुणी रात्री रस्त्यावर सोडून दिलं. सोडणाऱ्यांतही बैलाची पूजा करणारे आहेत. त्यांना मी निर्दय म्हणणार नाही. पेंढ्याचा भाव आणि घरातली अडचण ज्याची त्याला ठाऊक. पण ढालीवर नाव आपलं आणि म्हातारपण बैलाचं त्याचं त्याने बघावं, हा न्याय मला पटत नाही.

आजोबांचा चांद्या जोतातून सुटल्यावर सहा वर्षं जगला. संध्याकाळचं आंबोण आधी त्याला, मग कामाच्या जोडीला. कुणी विचारलं, आता ह्याचा उपयोग काय, तर आजोबा म्हणत, “त्याचा हिशेब फिटला. आपला ऱ्हायलाय.”

आता खरी अडचण सांगतो. मी नोकरीला राजापुरात. शेण काढतो पुतण्या, चारा घालते आई. ज्याच्या हाताला शेण लागत नाही त्याने वारशावर प्रवचन द्यावं का? वारसा नुसता सांगून दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही. पुतण्याचं वय स्पर्धेचं आहे. त्याला मैदान हवं, लोकांनी नाव घ्यायला हवं. आजोबांनाही ते हवंच होतं, नाहीतर ढाली माजघरात कशाला लावल्या असत्या?

म्हणून मी त्याला नको म्हटलेलं नाही. म्हटलं, “जोडी आण, पण बांडी आणि तिची दोन वासरं दावणीला राहतील. त्यांच्या वर्षाच्या पेंढ्याचे पैसे माझे, आणि शनिवार-रविवारचं शेण मी काढीन. आणि जी जोडी आणशील ती म्हातारी झाली तरी याच गोठ्यात मरेल, हे आधी ठरव. मग पैशांचं बोलू.” तो अजून काही बोललेला नाही. विचार करतोय. करू दे. घाईनं दिलेल्या होकाराचा बैलाला काही उपयोग नाही.