आतले ऋण



वाचक माउलींनो, शास्त्राने माणसाला जन्मतःच ऋणको ठरवले आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे घेऊन जीव जन्माला येतो, आणि यज्ञाने, अध्ययनाने व संततीने ती फेडायची असतात, हे आपण ऐकत आलो. पण आणखी एक ऋण आहे. ते फेडण्याचा मार्ग सांगताना भल्याभल्यांची वाणी अडखळते. ते म्हणजे माणसाने माणसावर केलेल्या उपकाराचे ऋण. दुष्काळात कोणी पोतेभर ज्वारी दिली, कोणी शिक्षणाचा खर्च केला, कोणी आजारपणात रात्री जागवल्या. हे ऋण फिटते का? फिटत असेल तर किती दिल्यावर? आणि फिटतच नसेल, तर उपकार करणाऱ्यापुढे जन्मभर मान खाली घालून उभे राहायचे का?

या प्रश्नाच्या विवरणासाठी दृष्टांत घेणार आहे तो दूरच्या देशाचा. कन्या आणि जावई तिकडे असल्यामुळे फिलिपिन्स देशातील लागुना प्रांतात, लोस बान्योस या गावी काही महिने राहण्याचा योग आला. सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश. तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे राज्य, मग अमेरिकेचे, आणि १९४६ साली स्वातंत्र्य. बहुतेक लोक ख्रिस्ती, रोमन कॅथलिक पंथाचे. त्यांचा आपला संबंध काय, असे वाटेल. पण त्यांची तागालोग भाषा कान देऊन ऐकली की ओळखीचे शब्द भेटतात. शिक्षकाला ते ‘गुरो’ म्हणतात, चेहऱ्याला ‘मुखा’, आशेला ‘आसा’. ‘दिवाता’ म्हणजे देवता. आणि ‘दुखा’ म्हणजे गरीब. दुःख हा शब्द समुद्र ओलांडून गेला आणि दारिद्र्याचे नाव होऊन बसला. शब्दाचा प्रवास चुकीच्या घरी झाला, असे कोण म्हणेल?

त्या भाषेत एक शब्दप्रयोग आहे, ‘उतांग ना लोओब’. उतांग म्हणजे कर्ज आणि लोओब म्हणजे आतला भाग, अंतःकरण. तेव्हा अर्थ झाला आतले ऋण. पैशाचे कर्ज पैशाने फिटते. ज्याने कठीण वेळी हात दिला त्याचे हे ऋण अंतःकरणावर लिहिले जाते. ज्याला याची जाणीव नाही तो माणूस तिथे अगदी हलका गणला जातो. आपणही ‘कृतघ्न’ हा शब्द शिवीसारखाच वापरतो.

या आतल्या ऋणाचे गोड फळ तिथे घरोघर दिसते. धाकटी मुले वडीलधाऱ्यांचा हात हाती घेऊन आपल्या कपाळाला लावतात आणि म्हातारी माणसे देवाची कृपा भाकून आशीर्वाद देतात. आपल्याकडे पायावर डोके, तिकडे हातावर कपाळ. थोरली बहीण परदेशात घरकामाला जाते, धाकट्याला शिकवते. तो कमावता झाला की त्याच्या पाठच्याला शिकवतो. पूर्वी खेड्यात एखाद्याला घर हलवायचे असले, तर शेजारी जमत, बांबू आणि पानांचे ते अख्खे घर खांद्यावर उचलून नव्या जागी नेऊन ठेवत. याला ‘बायानिहान’ म्हणतात. घरमालक मजुरी देत नसे, जेवू घालत असे. आपल्या कोकणातील आणि देशावरील जुन्या माणसांना ही रीत नवी वाटणार नाही.

पण माउली, मधालाही मुंग्या लागतात. याच आतल्या ऋणाचे कडू फळही तिथे दिसते. पुढारी कोणाच्या औषधाला पैसे देतो, कोणाच्या अंत्यविधीचा खर्च करतो, आणि मतदानाच्या दिवशी नुसता दारावरून जातो. बोलावे लागत नाही. ऋण आतून बोलते. हे फक्त तिथेच आहे असे मानू नका, आपल्या गावची निवडणूक आठवा. घराघरांतही तेच. आमच्या शेजारी एक बाई राहत. वीस वर्षे परक्या देशात परक्यांची मुले सांभाळून त्यांनी तीन भावंडांना शिकवले. भावंडे चांगली निघाली, पैसे पाठवतात, भेटवस्तू पाठवतात. घरी मात्र येत नाहीत. माझ्या कन्येपाशी त्या एकदा म्हणाल्या, “आले की मी जुने दिवस सांगते, आणि ती गप्प होतात.” एवढेच बोलल्या. त्या बाईंचा त्याग खोटा नव्हता, भावंडांची कृतज्ञताही खोटी नव्हती. तरी मधला रस्ता बंद झाला होता. का झाला, हा आपल्या विवेचनाचा गाभा आहे.

याचे उत्तर मला त्याच लागुना प्रांताच्या मातीतून निघालेल्या एका वस्तूत सापडते. १९८९ साली तिथल्या नदीच्या मुखाशी वाळू काढताना एक तांब्याचा पत्रा मिळाला. तो आता मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या देशात सापडलेला हा सर्वांत जुना कालनिर्देश असलेला लेख. लिपी जावा बेटाकडची, भाषा जुनी मलय, पण शब्द पाहा. आरंभी ‘स्वस्ति’. मग काळ: शक ८२२, वैशाख मास, कृष्ण पक्ष, चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. आपल्या ज्ञानेश्वरीचा शक १२१२. तिच्याआधी ३९० वर्षे, इतक्या दूरच्या बेटावर, पंचांगाच्या आपल्याच शब्दांत कोणी तिथी लिहीत होता!

आणि लिहिले काय आहे? राजाची स्तुती नाही, युद्धाचा विजय नाही. ती कर्जमुक्तीची पावती आहे. नामवरान नावाच्या माणसाकडे एक काटी आणि आठ सुवर्ण इतक्या वजनाच्या सोन्याचे देणे होते. तोंडोच्या अधिपतीने त्यातून त्याला मुक्त केले. त्याच्या निष्ठेसाठी लेखात ‘भक्ती’ हा शब्द आला आहे आणि या पत्राला ‘शुद्धपत्र’ म्हटले आहे. त्याची मुलेनातवंडेही त्या ऋणातून शुद्ध झाली, आणि पुढे कोणी ऋण उरले आहे असे म्हणू लागला तर त्यासाठी हा लेख, असे त्यात नमूद आहे. आपल्या याज्ञवल्क्य स्मृतीतही हाच व्यवहार सांगितला आहे: कर्ज फिटले की ऋणलेख फाडावा, किंवा शुद्धीसाठी दुसरा लेख करून द्यावा.

इथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्या. शुद्धपत्र ऋणको लिहू शकत नाही. ते धनकोलाच लिहावे लागते. ज्याच्यावर उपकार झाला तो कितीही देवो, ‘आता फिटले’ हे शब्द त्याच्या तोंडी शोभत नाहीत. ते म्हणण्याचा अधिकार फक्त देणाऱ्याचा. म्हणून उपकाराच्या ऋणाची खरी जबाबदारी आपण समजतो तशी घेणाऱ्यावर नाही, देणाऱ्यावर आहे. घेणाऱ्याने ऋण मान्य करावे, हा त्याचा धर्म. देणाऱ्याने ते मोकळे करावे, हा त्याचा धर्म. त्या बाईंच्या घरी पहिला धर्म पाळला गेला, दुसरा राहून गेला.

आपल्या संतांनी हा दुसरा धर्म करून दाखवला. तुकोबारायांच्या घरी सावकारी होती. परंपरा सांगते की त्यांनी खतपत्रांच्या दोन वाटण्या केल्या, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. यात दोन गोष्टी आहेत. दुसऱ्याचा हक्क त्यांनी आपल्या वैराग्यासाठी बुडवला नाही. आणि जे स्वतःचे होते ते सोडताना ऋणकोंना बोलावून उपकाराचे भाषण केले नाही. नुसतीच खते बुडवली असती आणि आठवण ठेवली असती, तर लोक एका कर्जातून सुटून दुसऱ्यात पडले असते.

दामाजीपंतांची कथा तर ऋणाचीच कथा आहे. मंगळवेढ्याची कोठारे दुष्काळात लोकांसाठी उघडली, बादशहाचे देणे डोक्यावर आले. विठू महाराच्या रूपाने पांडुरंग बेदरला गेला, रक्कम भरली, पावती घेतली. देव तिथे दामाजीला सांगायला थांबला नाही. पावती ठेवून गेला.

आता शंका येईल. देणाऱ्याने असे विसरून जायचे, तर घेणारे निगरगट्ट होतील. ऋण उरलेच नाही, तर कृतज्ञता कशाच्या आधाराने राहील?

समाधान असे. हिशेब आणि आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब मागे ओढतो. ज्याने दिले त्याच्याकडेच परत जायला सांगतो. हिशेब मिटला म्हणजे आठवण मरत नाही, तिची दिशा बदलते. ती पुढे वाहते. याचा रोजचा पाठ मी तिथल्या जीपनीत पाहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या जीपगाड्या तिथे राहिल्या, त्यांना लांब करून लोकांनी प्रवासी गाड्या केल्या, ती जीपनी. दोन बाजूंना दोन लांब बाकडी, चढायचे मागून. भाडे घेणारा वाहक पुष्कळदा नसतोच. मागे बसलेला माणूस नाणी शेजाऱ्याच्या हातावर ठेवून ‘बायाद पो’ म्हणतो. बायाद म्हणजे भाडे, आणि ‘पो’ हा आदराचा प्रत्यय, आपल्या ‘जी’सारखा. हातोहात नाणी चालकापर्यंत जातात, सुटे पैसे हातोहात परत येतात. मधल्या सहा जणांपैकी कोणी ‘मी तुझे भाडे पोचवले’ असे म्हणत नाही. कारण नाणे त्याचे नव्हते, त्याचा फक्त हात होता. आणि घटकेपूर्वी त्याचेही नाणे असेच कोणाच्या तरी हातून गेलेले असते.

माउली, उपकार करणाऱ्याचे स्थान हेच आहे. मी शिक्षण दिले म्हणतो, पण मला अक्षर कोणी दिले? मी अन्न दिले म्हणतो, पण बियाणे कोणाचे? लोस बान्योसला १९६० साली स्थापन झालेली भात संशोधन संस्था आहे. तिथून १९६६ साली ‘आयआर आठ’ नावाचा बुटका, भरघोस उत्पन्नाचा भात निघाला आणि भारतासह आशियातील कितीतरी देशांच्या शेतांत पोचला. टंचाईच्या त्या वर्षांत तो भात ज्यांच्या ताटात पडला, त्यांना या गावाचे नावही ठाऊक नाही. हे ऋण ते कोणाच्या दारी नेऊन फेडणार? पुढच्याला घासभर देऊनच ते फिटेल. वारीत एखाद्या गावाने पंगत वाढली तर वारकरी त्या गावाचे देणे लागत नाही. वाढणारा त्याला माउली म्हणतो, जेवणाराही वाढणाऱ्याला माउली म्हणतो. दोघेही एकाच नावाचे, मग धनको कोण आणि ऋणको कोण?

शेवटी देवाशी असलेल्या ऋणाचेही पाहू, कारण तिथे आपण उलटाच व्यवहार करतो. फिलिपिन्समध्ये नाताळापूर्वी १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ पहाटे लोक अंधारात उठून प्रार्थनेला जातात. आपल्या काकड्याचीच आठवण होते. देवळाबाहेर तांदळाच्या पिठाची, केळीच्या पानावर भाजलेली ‘बिबिंका’ मिळते, आपल्या पानगीची बहीणच. तिथे पुष्कळांची श्रद्धा अशी की नऊच्या नऊ पहाटे पुऱ्या केल्या तर मागितलेले मिळते. त्यांना हसू नका. आपणही नारळ, प्रदक्षिणा आणि वाऱ्या मोजतो, आणि मनात म्हणतो, ‘देवा, मी एवढे केले.’ म्हणजे ज्याचे सर्वस्व आपण देणे लागतो त्यालाच आपण ऋणको करतो. त्या बाई भावंडांना जे ऐकवत, तेच आपण पांडुरंगाला ऐकवतो.

पण पांडुरंगाचे रूप नीट पाहा. दोन्ही हात कमरेवर आहेत. हातात वही नाही. अठ्ठावीस युगे उभा आहे, पण कोणाचे किती येणे ते त्याने कधी मोजलेले नाही. तो उभा आहे तोही आईबापांची सेवा करणाऱ्या पुंडलिकाने ‘थांब’ म्हटले म्हणून. पुत्र पितृऋण फेडत होता आणि देव वाट पाहत होता. सेवा पुरी होईपर्यंत त्याने आपला हक्क पुढे केला नाही.

तेव्हा सिद्धांत एवढाच. घेतले ते विसरू नये, आणि ते पुढे द्यावे. दिले ते आपले नव्हते, आपला हात होता, हे जाणून मोकळे करावे. हे दुसरे म्हातारपणी फार कठीण जाते, कारण आपल्यापाशी तेव्हा द्यायला थोडे उरलेले असते आणि आठवायला पुष्कळ. मुले दूर असतात, फोन उशिरा येतो, आणि ‘आम्ही तुमच्यासाठी काय नाही केले’ हे वाक्य ओठावर येते. माउलींनो, त्या वेळी ते वाक्य गिळा आणि ‘जेवलास का?’ एवढे विचारा. तेच आपल्या हातचे शुद्धपत्र. ते आपण जिवंत असतानाच लिहून द्यावे. मागे राहिलेल्यांना ते लिहिता येत नाही.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.