तमगा नको, नोंद हवी

आमच्या गल्लीत एक फौजी चाचा राहत. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. लहानथोर सगळे ‘फौजी’च म्हणत. १९६२ च्या चीन युद्धानंतर लष्करात मोठी भरती झाली, त्या भरतीत १९६३ साली ते गेले. पंधरा वर्षे नोकरी करून १९७८ मध्ये परत आले आणि पुढे एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसले. २००४ सालच्या रमजानमध्ये एका रात्री तरावीहची नमाज झाल्यावर ते माझ्याकडे आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले डिस्चार्ज बुक त्यांनी माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, “बेटा, एक अर्ज लिहून दे. इंग्रजीत.”

पदकांच्या रकान्यात तीन नोंदी होत्या. १९६५ चे रक्षा पदक, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक आणि नऊ वर्षांच्या सेवेचे पदक. ‘समर सेवा तारा’ मात्र नव्हता. रक्षा पदक त्या काळात सेवेत असलेल्यांना मिळाले. समर सेवा तारा प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांसाठी होता. चाचा सियालकोटच्या आघाडीवर होते. युद्धबंदीनंतर महिन्याभरात त्यांना कावीळ झाली, लष्करी इस्पितळात गेले आणि तिथून त्यांची बदली दुसऱ्या युनिटमध्ये झाली. युद्धाची पदके युद्ध चालू असताना ठरत नाहीत, ती मागाहून जाहीर होतात आणि मग प्रत्येक युनिट आपल्या माणसांच्या याद्या करते. जुन्या युनिटने यादी केली तेव्हा चाचा तिथे नव्हते. नव्या युनिटच्या लेखी ते त्या आघाडीवर गेलेच नव्हते. दोन याद्यांच्या मधल्या फटीत एक माणूस पडला, एवढाच प्रकार.

मी जोरात अर्ज लिहिला. ‘देशासाठी प्राण पणाला लावून’, ‘शत्रूच्या तोफांना छाती देऊन’ अशी वाक्ये इंग्रजीत बसवली. चाचांनी मला तो मराठीत समजावून सांगायला लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, “ये सब काट. मेरेकू तमगा नै होना रे. जो हुआ सो लिखना होना.” पदक नको, जे घडले ते लिहिलेले हवे. शेवटी अर्जात चार ओळी उरल्या : नंबर, हुद्दा, युनिट, आघाडी आणि तारखा.

त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. माणसाने आपल्या चांगल्या कामाची नोंद मागावी का? मागितली तर त्या कामाचे मोल कमी होते का?

आपल्याकडे या प्रश्नाचे एक तयार उत्तर आहे. ‘नेकी कर, दरिया में डाल’ असे घरोघरी सांगतात. ‘रिया’, म्हणजे लोकांना दाखवण्यासाठी केलेली नेकी, हा इस्लामने मोठा दोष मानला आहे. सहीह मुस्लिममधली हदीस अनेकांना माहीत असेल. कयामतच्या दिवशी ज्यांचा निवाडा आधी होईल त्यांत एक लढून मेलेला माणूस आहे. तो म्हणतो, मी तुझ्यासाठी लढलो. त्याला उत्तर मिळते की लोकांनी शूर म्हणावे म्हणून तू लढलास आणि लोकांनी तसे म्हटलेही; तुझे देणे फिटले. अंगावर काटा आणणारी ही हदीस आहे. ती मनात ठेवली तर चाचांनी गप्प बसायला हवे होते असे वाटू शकते. गल्लीतल्या एका बुजुर्गांनी त्यांना तसे सांगितलेही : “अल्लाहला ठाऊक आहे ना? मग कागदाला काय करायचे?”

या बोलण्यात खोट नाही, पण ते अपुरे आहे. नहावंदच्या लढाईनंतरची एक गोष्ट इतिहासकार सांगतात. विजयाची बातमी घेऊन आलेल्या दूताने हजरत उमर यांना शहीद झालेल्यांची नावे सांगितली आणि म्हणाला, आणखीही पुष्कळ आहेत, पण आपण त्यांना ओळखत नाही. हजरत उमर रडले. उमर त्यांना ओळखत नसेल तर त्यांचे काय बिघडले, अल्लाह त्यांना ओळखतो, अशा अर्थाचे ते बोलले. ही गोष्ट वाजमध्ये नेहमी सांगितली जाते. तिच्या शेजारची दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची नावे लिहून प्रत्येकाचा हिस्सा ठरवणारा ‘दिवाण’ याच हजरत उमर यांनी सुरू केला. अल्लाह ओळखतो म्हणून वही नको, असे ते म्हणाले नाहीत. अल्लाहच्या ज्ञानाचा आधार मेलेल्यांच्या आप्तांसाठी होता. राज्यकर्त्याने आपली वही कोरी ठेवण्यासाठी तो वापरायचा नव्हता.

कुरआनातली सर्वांत लांब आयत कशाविषयी आहे? ती नमाजविषयी नाही, रोजाविषयीही नाही. सूरह बकरातली ती २८२ वी आयत देण्याघेण्याच्या लेखी नोंदीविषयी आहे. व्यवहार लहान असो की मोठा, लिहायचा कंटाळा करू नका. लिहिणाऱ्याने नकार देऊ नये. आणि लिहिणाऱ्याला त्रासही होऊ नये, असा तिचा आशय आहे. माणसाच्या दोन्ही खांद्यांवर लिहिणारे फरिश्ते आहेत असे मानणाऱ्या समाजाला नोंदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मग रिया आणि नोंद यांतला फरक कुठे आहे? माझ्या मते तो मागणे कुणाकडे आहे यात आहे. लोकांनी मला मोठे म्हणावे, ही मागणी लोकांच्या मनाकडे आहे. त्यावर माझा हक्क नाही. कागदावर खरे लिहा, ही मागणी कागद सांभाळणाऱ्याकडे आहे. ती अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब मागता येतो. त्यातून समर सेवा तारा हे शौर्याचे पदकही नाही. त्याला भत्ता नाही की जमीन नाही. तो तारा एवढेच म्हणतो की हा माणूस त्या वेळी तिथे होता. सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. मिलचा भोंगा वाजल्यावर आत गेलेल्या कामगाराचे नाव मस्टरवर चढले नाही, तर तो दुसऱ्या दिवशी हजेरीसाठी भांडत असे. त्याला कुणी बढाईखोर म्हणत नसे. चाचा हजेरी मागत होते.

अर्ज सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पुढे गेला. आठ महिन्यांनी एका कार्यालयाचे उत्तर आले : जुने कागद उपलब्ध नाहीत, आपल्याकडील पुरावा सादर करावा.

दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, हे तत्त्व शरियतमध्येही आहे आणि आपल्या कायद्यातही आहे. ते योग्यच आहे. खोटे दावे होतात, आणि कारकुनाने प्रत्येकाच्या शब्दावर शिक्का मारावा असे कुणी म्हणणार नाही. बाजारात पदकांच्या प्रतिकृती मिळतात. अस्सल पदके वेळेवर हाती पडत नाहीत म्हणून नोकरीतले जवानसुद्धा त्या विकत घेऊन छातीवर लावतात. अस्सल पदकावर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. चाचांना चौकातून एक तारा आणून लावता आला असता. त्याच्यावर त्यांचे नाव नसते, म्हणून त्यांनी तो आणला नाही.

पण दोन बरोबरीच्या माणसांतला दावा वेगळा आणि हा वेगळा. इथे सगळा पुरावा पहिल्यापासून एकाच बाजूच्या कपाटात आहे. युनिट कोणत्या तारखेला कुठे होते, पगार कुठे वाटला, आजारी कुठून इस्पितळात गेला, हे सारे सरकारनेच लिहिलेले आणि सरकारनेच ठेवलेले. ज्याने वही सांभाळायची त्याने ती हरवावी आणि मग वही नसलेल्याकडे पुरावा मागावा, हा न्याय नव्हे. १८७२ च्या पुरावा कायद्यात ११४ व्या कलमाखाली असे सांगितले होते की, हातात असलेला पुरावा एखाद्याने पुढे आणला नाही तर तो त्याच्या विरुद्ध जाणारा होता असे न्यायालयाला मानता येते. २०२४ मध्ये नवा कायदा लागू झाला, त्यातही हे तत्त्व राहिले आहे. कागद कुणी मुद्दाम दडवला असे मी म्हणत नाही. हरवल्याचा भुर्दंड कुणी भरायचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता थोडे अवघड बोलतो. त्या काळात शहरात एकदा ताणाताणी झाली. चाचांचा नातू रागाने घरी आला आणि म्हणाला, “दादा, तुमचा तो तमगा असता तर दाखवला असता त्यांना.” चाचा त्याच्यावर ओरडले. “दाखवायला नाही मागत मी!” त्या दिवशी मला त्यांचा अर्ज खऱ्या अर्थाने कळला.

आपण मुसलमान सभांमधून परमवीर अब्दुल हमीद आणि ब्रिगेडियर उस्मान यांची नावे घेतो. त्यांचा अभिमान रास्तच आहे. पण आपण त्यांची नावे पुष्कळदा दाखल्यासारखी पुढे करतो, जणू कुणीतरी आपल्याकडे ओळखपत्र मागितले आहे. पदक हा वफादारीचा पुरावा ठरला, तर ज्याच्याकडे पदक नाही त्याचे काय? विडी वळणाऱ्या बाईने आणि लूम चालवणाऱ्या माणसाने काय दाखवावे? आणि पुरावा असून तरी काय होते? आसाममधले मोहम्मद सनाउल्लाह तीस वर्षे लष्करात होते. निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी, मे २०१९ मध्ये, विदेशी न्यायाधिकरणाने त्यांना परकीय ठरवले आणि त्यांची रवानगी स्थानबद्धता केंद्रात झाली. जूनमध्ये उच्च न्यायालयाच्या जामिनावर ते बाहेर आले. लष्करातली नोकरी त्यांना वाचवू शकली नाही.

आमच्या शहरातच उलट उदाहरण आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन फासावर गेले. इंग्रज सरकारच्या कागदावर ते खुनी होते. सोलापूरने तो कागद मानला नाही; चौकात चौघांचे पुतळे उभे केले आणि चौकाला हुतात्म्यांचे नाव दिले. कागद म्हणजे सत्य नव्हे, हे या शहराला माहीत आहे. म्हणूनच कागद खरा असावा हा आग्रह धरण्याचा हक्कही या शहराला आहे.

या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवायला शिकले पाहिजे. हा देश माझा आहे, हे कुठल्याही पदकाने सिद्ध करायचे नाही. आणि मी सियालकोटच्या आघाडीवर होतो हे खरे असेल, तर ते लिहिलेच पाहिजे. पहिली गोष्ट मागायची नसते. दुसरी मागण्यात लाज नाही.

चाचांनी दुसरा अर्ज केला. त्याला इस्पितळातली एक पिवळी पडलेली चिठ्ठी जोडली. आघाडीवरून आलेला रुग्ण म्हणून तिच्यावर तारीख होती. त्याचे उत्तर येण्याआधी ते गेले. डिस्चार्ज बुक त्यांच्या मुलाकडे आहे, त्या रकान्यात अजून तीनच नोंदी आहेत. वारसालाही अर्ज करता येतो हे मी त्याला सांगितले आहे. तो म्हणतो, “अब क्या फायदा?” फायदा नाहीच. तरी या ईदला त्याच्याकडे जाईन तेव्हा अर्ज लिहून घेऊन जाणार आहे. चारच ओळींचा.